चार भेटींचा सल्ला नेमका कोणासाठी?

वाचकाचे पत्र

"मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात गुणवत्ता विभागाची प्रमुख आहे. आम्ही वाहनांचे सुटे भाग बनवतो. माझ्या हाताखाली चौदा जण आहेत. वर्षभरात तीन अनुभवी माणसे सोडून गेली, त्यांच्या जागा अजून भरलेल्या नाहीत. गेल्या दिवाळीनंतर ग्राहक कंपनीने मालाची एक मोठी खेप परत पाठवली. तेव्हापासून मला पहाटे तीनच्या सुमारास जाग येते आणि मग तिसऱ्या पाळीचे रिजेक्शनचे आकडे फोनवर पाहत मी पडून राहते. माझ्या विभागातील एका तरुण निरीक्षकाचे वडील या पावसाळ्यात वारले. कामात अतिशय चोख असलेला हा मुलगा आता नोंदींत चुका करतो. मध्यंतरी तो कॅन्टीनच्या मागे एकटाच रडताना दिसला. त्याच्याशी बोलावे की नाही, ते कळत नाही. अशातच कंपनीने बाहेरच्या एका संस्थेशी करार केला असून प्रत्येक कर्मचाऱ्याला मानसशास्त्रीय सल्ल्याच्या चार भेटी मोफत मिळणार आहेत. एचआरने विभागप्रमुखांकडे 'गरज असलेल्यांची' यादी मागितली आहे. संस्था नंतर व्यवस्थापनाला अहवाल देईल, असेही सांगितले आहे. पती म्हणतात, झोपेची गोळी घे आणि मोकळी हो. दीर म्हणतात, चार भेटींत कोणाचे काय भले होणार? मी जावे का, त्या मुलाला पाठवावे का आणि यादी द्यावी का?"

सप्रेम नमस्कार.

पत्राच्या शेवटी तुम्ही तीन प्रश्न एका दमात विचारले आहेत. तेवढ्याच थेटपणे सांगायचे तर यादी देऊ नका आणि त्या मुलाला 'पाठवू' नका. तुम्ही स्वतः मात्र जरूर जा. तीन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरे मिळण्याचे कारण असे, की अल्पकालीन सल्ला कामी येईल की वाया जाईल हे भेटींच्या संख्येपेक्षा तो नेमका कोणासाठी आहे यावर अवलंबून असते. तुमच्या कारखान्यात या घडीला सल्ल्याचे तीन धनी आहेत: झोप उडालेल्या तुम्ही, हाताखालच्या माणसाशी कसे वागावे या पेचात सापडलेल्या विभागप्रमुख म्हणूनही तुम्हीच, आणि माणसे टिकत नाहीत म्हणून काळजीत पडलेली कंपनी. या तिघांचे काम एकाच खोलीत, एकाच सल्लागाराकडून आणि एकाच अहवालात उरकण्याचा प्रयत्न झाला, तर तिघांपैकी कोणाचेच भले होणार नाही.

तुमच्या दिरांची शंका रास्त आहे, तिचे उत्तर आधी देतो. मनाच्या उपचाराला वर्षानुवर्षे लागतात ही समजूत मनोविश्लेषणाच्या पद्धतीतून आली आणि तिला पर्याय उभे राहूनही आता पुष्कळ वर्षे झाली. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही तज्ज्ञांनी दहा भेटींची मर्यादा आधीच घालून काम सुरू केले. पुढे मिल्वॉकी येथे स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी तक्रारीच्या मुळाशी जाण्यापेक्षा तिच्यातून बाहेर पडण्याच्या मार्गावर भर देणारी पद्धत विकसित केली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली, अविवेकी विचार ओळखून बदलायला शिकवणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीही मोजक्या भेटींत काम करता येईल अशीच आहे. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी पत्रव्यवहार करत तिचा अभ्यास केला आणि मराठी वाचकांपर्यंत ती पोहोचवली. तेव्हा चार भेटींत काही होत नाही हे खरे नाही. खरे एवढेच आहे, की चार भेटींत सगळे होत नाही. बालपणापासूनचा आघात, व्यसन, घरातील मारहाण, भास किंवा भ्रम, तीव्र नैराश्य, आत्महत्येचे विचार यांपैकी काहीही असेल तर चार भेटींचा सल्लागार तो गुंता सोडवू शकत नाही. ते वेळीच ओळखून योग्य ठिकाणी पाठवणे, हेच अशा वेळी त्याचे काम असते.

तुमच्या पत्रात यांपैकी काही दिसत नाही. दिसतो तो एका घटनेपासून सुरू झालेला, सीमा आखता येईल असा त्रास, आणि असा त्रास अल्पकालीन सल्ल्याला उत्तम जुळतो. मात्र जाताना एकच प्रश्न घेऊन जा. 'मला खूप ताण आहे' असे म्हणण्यापेक्षा 'पहाटे जाग आल्यावर मी फोन न उचलता पुन्हा झोपू शकले पाहिजे' असे म्हणा. चांगला सल्लागार पहिल्याच भेटीत विचारील, की ० ते १० या पट्टीवर तुम्ही आज कुठे आहात. समजा तुम्ही ४ म्हणालात, तर त्याचा पुढचा प्रश्न '१० पर्यंत का नाही' असा नसेल. '२ वर का नाही, ४ पर्यंत तुम्हाला कशाने धरून ठेवले आहे,' असे तो विचारील. त्या उत्तरातूनच बहुधा पुढची पायरी निघते. परत आलेल्या खेपेविषयीही तो तुम्हाला बोलते करील. माल परत येऊ नये ही इच्छा योग्यच आहे. पण तो पुन्हा कधीही येता कामा नये आणि आला तर मी या पदाला नालायक ठरले, असा हट्ट मनाने धरला, की पहाटे तीनला उठून पहारा देण्याला पर्यायच उरत नाही. इच्छा आणि हट्ट यांतले हे अंतर एलिस यांच्या पद्धतीत एक-दोन भेटींतच नजरेस आणून देता येते.

झोपेच्या गोळीबद्दल पतींचा सल्ला अर्धाच मान्य करा. डॉक्टरांना जरूर भेटा. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि वयानुसार रजोनिवृत्तीच्या काळातील बदल यांचीही तपासणी होऊ द्या, कारण पहाटेच्या जागरणाची शारीरिक कारणे असू शकतात. परंतु दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपचार औषधांचा नसून सवयी आणि विचार बदलणाऱ्या मानसशास्त्रीय पद्धतीचा असावा, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनेने २०१६ मध्ये केली आहे. ही पद्धत सहसा चार ते आठ भेटींत शिकवली जाते. तिचे काही नियम आजच पाळता येतील. झोप कशीही लागो, उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. जाग आल्यावर अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणातून उठून मंद उजेडात बसा आणि पेंग आली की परत जा. घड्याळ पाहू नका आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. फोन दूर ठेवायचा म्हटल्यावर तुमच्या मनात लगेच येईल, की रात्री लाइन थांबवण्याची वेळ आली तर? त्यासाठी तिसऱ्या पाळीच्या सुपरवायझरला स्पष्ट सांगून ठेवा, की माल अडवून ठेवावा लागला तरच घरच्या क्रमांकावर फोन करायचा, बाकी आकडे सकाळी आठला पाहिले जातील. हा बदल झोपेचा आहे आणि कामाच्या वाटणीचाही आहे.

आता त्या मुलाबद्दल. सर्वांत जास्त विचार मी या प्रश्नाचा केला, कारण अशा सल्ल्याचा सर्वांत कमी माहीत असलेला आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा उपयोग याच ठिकाणी आहे. जेराल्ड कॅप्लन हे मनोविकारतज्ज्ञ १९४९ च्या सुमारास इस्राएलमध्ये काम करत होते. निरनिराळ्या निवासी संस्थांमध्ये राहणाऱ्या हजारो स्थलांतरित मुलांची जबाबदारी त्यांच्या मूठभर सहकाऱ्यांवर होती. प्रत्येक मुलाला तपासणे अशक्य होते. तेव्हा त्यांनी मुलांना सांभाळणाऱ्या माणसांशी, त्यांना कोणत्या मुलाबाबत नेमकी काय अडचण येते, याविषयी बोलायला सुरुवात केली. अडचण सुटली की तो सांभाळणारा त्याच्याकडच्या सगळ्याच मुलांशी अधिक शहाणपणाने वागू लागे. पुढे अमेरिकेत त्यांनी या अनुभवावर शास्त्रशुद्ध पद्धत उभी केली आणि १९७० मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. शिक्षक, परिचारिका, पोलीस अधिकारी, वकील, विभागप्रमुख अशा कोणालाही ती लागू पडते. ज्याच्याविषयी अडचण आहे त्या तिसऱ्या माणसाला सल्लागार भेटत नाही, त्याचे नावही विचारत नाही. तो काम करतो ते तुमच्याबरोबर, आणि निर्णयही तुमचाच राहतो.

म्हणून तुमच्या चार भेटींपैकी एक या कामासाठी राखून ठेवा. कॅप्लन यांच्या मते अशा वेळी व्यावसायिक माणूस चारपैकी एका ठिकाणी अडलेला असतो: माहिती कमी पडते, कौशल्य कमी पडते, आत्मविश्वास डळमळतो किंवा तटस्थपणा सुटतो. तुमच्या बाबतीत यांतले काय आहे ते तुम्ही आणि तुमचा सल्लागार मिळून ठरवाल. पत्रावरून मला असे वाटते, की शेवटची बाजू तपासून पाहावी. परत आलेल्या खेपेची धास्ती अजून गेली नसताना त्या मुलाची प्रत्येक चूक तुम्हाला पुढच्या खेपेची नांदी वाटत असेल, तर त्याच्याशी बोलताना आवाजात मायेपेक्षा भीती अधिक उतरेल आणि ती त्याला लगेच कळेल.

माहितीच्या बाजूने एवढे सांगतो. बाप गेल्यावर तीन-चार महिन्यांनी रडू येणे हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातसुद्धा शोक लांबल्याचे निदान किमान सहा महिने उलटल्याशिवाय करत नाहीत. आपल्याकडे तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते, पुढे सगळे आपापल्या कामाला लागतात, आणि नेमक्या त्याच सुमारास मुलाच्या अंगावर कागदपत्रांचे ओझे येऊन पडते: बँकेतील खाती, विम्याचा दावा, सातबाऱ्यावर वारसनोंद करण्यासाठी तलाठ्याकडे हेलपाटे, आईच्या निवृत्तिवेतनाचे अर्ज. पाळीची नोकरी करणाऱ्या माणसाला ही कार्यालये उघडी असताना मोकळा वेळच मिळत नाही. नोंदीतील चुकांचे कारण दुःखाइतकेच रात्रपाळीनंतर दुपारपर्यंत रांगेत उभे राहणे हेही असू शकते. हे त्याला विचारल्याशिवाय कळणार नाही.

तेव्हा बोला. केबिनमध्ये बोलावून घेऊ नका, काचेपलीकडून सगळी लाइन पाहत असते. पाळी सुटताना गेटपर्यंत बरोबर चालत बोलणे बरे. शब्द साधे ठेवा: "वडील गेल्यापासून घरी कसं चाललंय? आईची तब्येत कशी आहे? मागच्या आठवड्यात गेजच्या नोंदी दोनदा चुकल्या. तुझ्याकडून असं होत नाही, म्हणून विचारतेय." चूक सांगायला संकोच करू नका. तुम्ही ती दडवली तर आपली कीव केली जात आहे असे त्याला वाटेल. त्यानंतर तुमच्या अधिकारात जे आहे ते द्या: महिनाभर पहिली पाळी, सरकारी कामासाठी दोन अर्धे दिवस, नोंदींवर एका सहकाऱ्याची दुसरी सही. संस्थेच्या भेटींची माहिती त्याच्या कानावर घाला, क्रमांक द्या आणि विषय तिथेच सोडा. तो गेला की नाही हे पुन्हा विचारू नका. वरिष्ठाने 'पाठवलेला' माणूस सल्लागारासमोर बसतो तेव्हा आपली परीक्षा चालू आहे असे समजूनच बसतो, आणि त्या चारही भेटी स्वतःला ठीक असल्याचे सिद्ध करण्यात जातात.

एका गोष्टीत मात्र संकोच नको. 'आता जगण्यात काही राम नाही' अशा आशयाचे तो काही बोलला, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागला किंवा माणसांत मिसळायचा एकदम थांबला, तर जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती चुकीची आहे. उलट, विचारणारे कोणी भेटले म्हणून माणूस बोलता होतो. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटे सोडू नका, घरच्यांना कळवा आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक विभागाच्या सूचनाफलकावर प्रथमोपचाराच्या माहितीशेजारी लावला, तर कोणाचेही नाव न घेता सगळ्यांची सोय होईल.

राहिला यादीचा प्रश्न. एचआरचा हेतू वाईट आहे असे मी मानत नाही. नव्या योजनेचा उपयोग व्हावा अशीच त्यांची धडपड असेल. पण विभागप्रमुखाने 'मनाने कमकुवत' माणसे हेरून कळवणे आणि सल्ला देणाऱ्याने त्यांच्याविषयी व्यवस्थापनाला लिहिणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की योजना पहिल्याच महिन्यात मरते. कॅन्टीनमध्ये ही बातमी पोहोचायला एक पाळी पुरते. यादीतले नाव पुढे बढतीच्या वेळी कोणाच्या तरी लक्षात राहतेच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तिच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क आहे. त्याला अपवाद आहेत, पण ते जिवाला धोका, इतरांना इजा होण्याची शक्यता, न्यायालयाचा आदेश अशा मोजक्या प्रसंगांपुरते आहेत. मालकाची उत्सुकता त्यांत बसत नाही. साध्या समुपदेशनासाठी येणाऱ्या माणसाला याहून कमी संरक्षण मिळावे याला काहीच कारण नाही, आणि ते करारात लिहूनच घ्यायला हवे.

तुम्ही एचआरला एक छोटे, सभ्य पत्र लिहा. यादीऐवजी विभागातील सगळ्यांना या सेवेची माहिती मी स्वतः देईन, असे त्यात कळवा. भेटीची वेळ कर्मचाऱ्याला परस्पर संस्थेकडून घेता येईल का, भेट कारखान्याबाहेर किंवा फोनवर होऊ शकेल का, नोंदी कोणाच्या ताब्यात राहतील, चार भेटींनंतर गरज उरली तर संस्था कोणाकडे पाठवणार आणि सल्ला देणाऱ्यांची पात्रता काय, हे प्रश्न त्यातच विचारा. पात्रतेचा प्रश्न आढेवेढे न घेता विचारायचा असतो. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असून औषधे देऊ शकतात, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आणि समुपदेशकाने आपले शिक्षण कुठे झाले व आपल्या कामावर कोणा ज्येष्ठाची देखरेख असते हे सांगायला हरकत नसावी. अहवालाबद्दल विशेष आग्रह धरा. सल्ला घेतलेल्यांची एकूण संख्या आणि ढोबळ विषय यापलीकडे व्यवस्थापनाकडे काहीही जाता कामा नये, आणि तेही विभागवार नाही. तुमच्या चौदा जणांच्या विभागात 'शोक: १' असे कोणी लिहिले तर ते नाव लिहिल्यासारखेच आहे.

आणखी एक खबरदारी सांगतो. कोणाची तक्रार लैंगिक छळाची असेल तर तिची जागा २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समितीपुढे आहे. सल्लागाराकडून मनाला आधार मिळेल, पण चौकशीला तो पर्याय नाही.

कंपनीला जर खरोखर जाणून घ्यायचे असेल, की माणसे का सोडून जातात, तर तो संस्थात्मक सल्ल्याचा विषय आहे आणि तो वेगळ्या सल्लागाराकडून, वेगळ्या करारावर घ्यायला हवा. असा सल्लागार कोणा एकाचे मन तपासत नाही. तो पाळ्यांचे तक्ते पाहतो, किती जागा किती दिवस रिकाम्या आहेत ते मोजतो, सोडून गेलेल्यांशी बोलतो, गटागटाने चर्चा घेतो आणि कामाची आखणी कुठे माणसाला मोडते आहे ते दाखवून देतो. कामामुळे येणाऱ्या शिणवट्याला, ज्याला सर्रास बर्नआउट म्हणतात, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजार न म्हणता कामाच्या ठिकाणाशी निगडित अवस्था म्हटले. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही कामाचे स्वरूप बदलणारे व ताण कमी करणारे संस्थात्मक उपाय आणि व्यवस्थापकांचे प्रशिक्षण यांची शिफारस व्यक्तिगत उपायांच्या बरोबरीने केली आहे. तीन अनुभवी माणसांचे काम उरलेले चौदा जण ओढत असतील, तर त्या चौदांना ताणमुक्तीची कितीही व्याख्याने दिली तरी रिजेक्शन कमी होणार नाही. हे सांगण्याचा अधिकार त्या कारखान्यात सर्वांत जास्त तुमच्याकडे आहे, कारण आकडे तुमच्याकडे आहेत. रिकाम्या जागा, जादा तास आणि नाकारलेल्या मालाचे प्रमाण एका कागदावर महिनावार मांडा आणि पुढच्या आढावा बैठकीत तो कागद ठेवा.

तुमच्या स्वतःच्या भेटींसाठी एचआरच्या उत्तराची वाट पाहू नका. गोपनीयतेची लेखी हमी मिळाली तर संस्थेचा लाभ घ्या. ती मिळत नसेल तर पदरचे पैसे खर्चून बाहेरच्या मानसशास्त्रज्ञांची वेळ घ्या, किंवा जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात जा. पहिल्या भेटीला जाण्यापूर्वी आठवडाभर झोपेची नोंद ठेवा: किती वाजता अंथरुणावर पडलात, कितीला जाग आली, जाग आल्यावर काय केलेत आणि सकाळी कितीला उठलात. सल्लागाराचा पहिला अर्धा तास त्यामुळे वाचेल, आणि चारच भेटी हाताशी असताना तो अर्धा तास तुम्हाला हवा आहे.